दोन हात मावतील असा

"आजींसाठी आहे ना? मग साधाच लागेल," विक्रेता माझ्या मुलाला म्हणाला. मी तिथेच उभी होते, काठी टेकून, दोन्ही कान शाबूत घेऊन.

"आजी ऐकतायत," मी म्हटलं. "आणि त्यांना तोंडही आहे."

टाय लावलेला तो गृहस्थ वरमला. आमचे चिरंजीव मात्र हसले नाहीत. ते सकाळपासून गाल फुगवून होते. लॅपटॉप घरबसल्या मागवायचा त्यांचा बेत होता आणि मी हटून बसले होते, की वस्तू मी स्वतः पाहून घेणार. "आई, तुझ्या गरजा बेसिक आहेत," हे त्याने मला किती वेळा ऐकवलं असेल! बिलं भरायची, सिनेमे बघायचे, फोटो बघायचे. "त्यासाठी नव्या गुडघ्यावर दुकानात कशाला ताटकळायचं?"

माझी गरज एकच होती आणि ती मी त्याला सांगितलीही होती. मला धाकटीशी बोलायचं होतं.

"मग फोन आहे की!" लागला निकाल.

आता हे नीट सांगते, नाहीतर तुम्हीही तसंच म्हणाल. धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण, जन्मापासून बहिरी. शाळा तिला धड मिळालीच नाही. नावं वाचते, आकडे वाचते, तेवढंच. आमची भाषा आम्ही दोघींनीच केली, हातांची. त्यात माझं नाव म्हणजे नाकाच्या शेंड्यावर बोट, कारण माझा राग तिथे असतो म्हणे. हे तिनेच ठेवलंय आणि त्याचा मला अजून राग येतो. नोकरी मी केली टेलिफोन ऑपरेटरची. जन्मभर परक्यांच्या लाइनी जोडून दिल्या, पण सख्ख्या बहिणीला फोन करायची सोय नव्हती. व्हिडिओवाले फोन आले तेव्हा मी भर स्वयंपाकघरात रडले होते.

पण फोन एका हातात धरावा लागतो, मग बोलायला उरतो एकच हात. साखरेच्या बरणीला टेकवून पाहिला, तर घसरतो. नाही घसरला तर पंखा दाखवतो, नाहीतर त्या उभ्या चौकटीत माझे हात कोपरापासून गायब. मुलाने एकदा धरून दिला, तर थोड्याच वेळात त्याचा हात खाली आणि नजर घड्याळावर. रोज बोलायचं तर दर वेळी माणूस कुठून उभा करू? आणि मधे माणूस उभा करून मनातलं बोलता येतं का? मग जेवलीस का, बरी आहेस का, एवढ्यावर आम्ही निभावून नेलं.

अशात धाकटीच्या मुलाने घर विकलं. तिला तो वृद्धाश्रमात ठेवणार होता. भाचा वाईट नाही हो, पण त्याला आईची भाषा भूक आणि झोप यांच्यापुढे येत नाही. तिथे तर कुणालाच आली नसती. तिला खायला मिळालं असतं, औषधं मिळाली असती आणि मरेपर्यंत तिच्याशी कुणी मनातलं काही बोललं नसतं. हे कळलं मात्र, मी तडक फोन लावून तिला सांगितलं, माझ्याकडे ये, माझ्याजवळ राहा.

सांगितलं एका हाताने, तिथेच घोटाळा झाला. आमच्यात 'माझ्याजवळ राहा' म्हणजे आधी समोरच्याकडे बोट आणि मग दोन्ही तळवे छातीवर, एकावर एक. माझ्या डाव्या हातात फोन होता. तिला दिसलं बोट आणि छातीवर एकच तळवा. त्याचा अर्थ होतो, तुझं तू, माझं मी. लहानपणी भांडण झालं की हेच करून आम्ही एकमेकींकडे पाठ फिरवायचो.

तिचा चेहरा पडला तेव्हा माझी ट्यूब पेटली. फोन टेकवून दुसरा हात वर करेपर्यंत तिने बंद केला होता. त्यानंतर ती माझा फोन घेईना. भाच्याला म्हटलं, बाबा रे, निरोप तरी दे. तर म्हणतो कसा, "मावशी, मी सांगितलं, ती नको म्हणून मान हलवते." कसं सांगितलंस आणि काय सांगितलंस, कपाळ माझं! डॉक्टर मला प्रवासाचं नाव काढू देत नव्हते. आणि उद्या तिला हलवणार होते.

म्हणून मी दुकानात आले होते.

मुलाने निवडलेला लॅपटॉप आधी आला. पातळ, चकचकीत. विक्रेत्याने त्याचा वेग सांगितला, साठवण सांगितली, बॅटरी सांगितली.

"कॅमेरा लावा," मी म्हटलं.

मी काठी मुलाकडे दिली, दोन पावलं मागे झाले आणि धाकटीला सांगायचं ते सगळं त्या पडद्याला सांगू लागले. हात जरा भरभर हलले की पडद्यावर नुसतं धुकं. बोटं कुठली, तळवा कुठला, काही कळेना.

"हा नको."

दुसऱ्याचा कॅमेरा पडद्याच्या खालच्या कडेला. त्यात माझ्या नाकपुड्या तेवढ्या ऐसपैस दिसल्या.

"आजींना नाचाचे व्हिडिओ वगैरे करायचेत का?" विक्रेत्याने अगदी आदबीने विचारलं.

"नाही, भांडायचंय," मी म्हटलं. "पुढचा आणा."

"आई, लोक बघतायत," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

"बघू देत. तिकीट लावलंय का मी?"

शेवटी आला एक जाडजूड, काळपट, मागच्या वर्षीचा. पडदा पार मागे झुकला. दुकानाचा अंधारा कोपरा निवडून मी हात उचलले, तर डोक्यापासून कमरेपर्यंत मी आणि माझी दहाच्या दहा बोटं, स्वच्छ.

"आई, याचा प्रोसेसर जुना आहे."

"मला प्रोसेसरशी गप्पा मारायच्या नाहीयेत. हाच घ्यायचा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या माझ्या हातांकडे. फोन धरताना हात दुखले तेव्हा जे त्याला कळलं नव्हतं, ते बहुधा आत्ता कळलं. गुपचूप काठी माझ्या हातात देऊन तो बिल करायला गेला.

घरी येऊन त्याने सगळं जोडून दिलं आणि खोलीचं दार ओढून बाहेर गेला. मी लॅपटॉपवरून भाच्याला व्हिडिओ फोन लावला.

"मावशी, आम्ही सामान बांधतोय. आणि ती नको म्हणतेय."

"तिला काय म्हणायचंय ते मी तिच्याकडून बघेन. तुझा फोन तिच्यासमोर धर आणि मी सांगेपर्यंत खाली घेऊ नकोस."

माझा आवाज तसाच आहे, त्याने ऐकलं. पडद्यावर खोकी आली, उघडी कपाटं आली, मग पलंगाच्या कडेला बसलेली धाकटी. वाळली होती. मला पाहिलं आणि तिने डोळे मिटून घेतले.

बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की संपलं. तिथे ओरडून उपयोग नाही, गयावया करून उपयोग नाही. लहानपणी याच गोष्टीवरून मी तिला चिमटे काढायचे. आता चिमटा तरी कुठून काढू?

मी तिच्याकडे बोट केलं, दोन्ही तळवे छातीवर ठेवले, एकावर एक, आणि बसून राहिले.

"मावशी, ती बघत नाहीये," भाचा म्हणाला.

"मला दिसतंय. हात हलवू नकोस."

खांदे भरून आले. गुडघा ठणकायला लागला. म्हटलं, बाई गं, डोळे मिटून तू किती वेळ बसशील? मीही तुझीच बहीण आहे.

तिने एक डोळा किलकिला केला. मी गेले का ते बघायला, दुसरं काय! मग दुसराही उघडला. ती पुढे सरकली आणि पडद्यावर तिचं तोंड एवढं मोठं झालं. माझा एक हात तिने बघितला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.  मग बोटांनी म्हणाली, मला वाटलं, तूसुद्धा.

माझा बांध फुटला. नाक गळत होतं, पण हात मी छातीवरून काढले नाहीत. काय सांगावं, हिचा पुन्हा गैरसमज व्हायचा! तिकडे तिनेही दोन्ही तळवे उचलले आणि स्वतःच्या छातीवर ठेवले.

"मावशी," भाचा विचारत होता, "काय झालं? काय म्हणतेय आई?"

"येते म्हणतेय," मी म्हटलं. "खोक्यांवर माझा पत्ता घाल."