एकमेकींचे प्रश्न

"माझं तू इचार, तुझं मी इचारते," खातूनने पुन्हा बजावलं. "इसरू नगंस हां, सरू. सासूचं."

"न्हाई गं इसरत."

दोघी सूतिकागृहाच्या ओट्यावर बसल्या होत्या. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि जुन्नरात बाळंतिणींसाठी चार खाटांचा दवाखाना निघाला होता. तिथं एक आया हवी होती. नारायणगावच्या दोघी एस.टी.ने आल्या होत्या, एक घोडेगावची होती आणि या दोघी तर एकाच अंगणात समोरासमोर राहणाऱ्या. जागा एक आणि आपण दोघी, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण त्यावर चकार शब्द काढायचा नाही, हे न बोलताच ठरलेलं होतं.

डॉक्टरीणबाई शेवटी प्रत्येकीला विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का, अशी बातमी कंपाउंडरने दिली होती. काय ते तेव्हाच विचारा, मागून कुरकुर नको, असा दमही वर भरला होता.

सरूची साळू दीड वर्षाची, अजून अंगावर पिणारी. नवरा मुंबईला गेला तो गेलाच; मढ गावी सासरी कुणी विचारीना, म्हणून सरू पोरीला घेऊन जुन्नरला आली. रात्री थांबावं लागलं तर पोरीला जवळ निजवता यावं, एवढंच तिला हवं होतं. खातूनचं सासर पिढीजात हातकागद करणाऱ्यांचं. धंदा बसला, नवरा वारला आणि मागे राहिली आंधळी सासू, बिबिजान. तिला दुपारी घास भरवायला घटकाभर घरी जाता यावं, एवढंच खातूनला हवं होतं. पण नोकरी मागायला जायचं आणि वर सवलतही मागायची, याला दोघींची जीभ रेटेना. तेव्हा सरूनेच ही युक्ती काढली. स्वतःसाठी मागायला लाज वाटते, दुसरीसाठी विचारायला कसली लाज? खातून हसायलाच लागली. एवढी सोपी गोष्ट आधी कशी सुचली नाही म्हणाली.

बाहेरगावच्या तिघींचं आटोपल्यावर खातूनला हाक आली. दाराला नुसता पडदा होता. ओट्यावर बसून सरूला आतलं सगळं ऐकू येत होतं. खातून न अडखळता उत्तरं देत होती. रक्ताची किळस नाही, आळीतल्या चारचौघींची बाळंतपणं निभावलीत, रातबेरात उठायची सवय आहे. बाई खूश झाल्या होत्या, आवाजावरून कळत होतं. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

"व्हय बाईसाहेब. रातीचं ऱ्हावं लागलं तर ल्हान लेकरू संगं आनलं तर चालंल का? कोपऱ्यात निजंल. तरास न्हाई व्हनार."

आत टाक खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नाही चालणार," बाई म्हणाल्या. "मागची आया मूल घेऊन यायची. इकडे बाळंतीण कळा देतेय आणि ही आपली पोराला थोपटत बसलीय. लेकुरवाळी बाई मला नकोच. या तुम्ही."

लेकरू माझं नव्हे, एवढं खातूनने म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर, मग कुणाचं, असं बाईंनी विचारलं असतं. हे सरूला बाहेर बसल्या बसल्या उमगलं, आणि उमगूनही ती जागची हलली नाही. खातून बाहेर आली, सरूचा पदर नीट करून म्हणाली, "जा. भिऊ नगंस."

आत गेल्यावर बाईंनी विचारलं, "घरी कोण कोण?"

"मी एकलीच."

"मूलबाळ?"

निघताना साळूला पाजून बिबिजानपाशी ठेवलं होतं. तोंडावरून दुधाचा ओघळ पुसला होता. तो हात सरूने पदराखाली घेतला.

"न्हाई."

"बरं. काही विचारायचंय?"

बिबिजानचं नाव अगदी ओठांवर आलं. पण एका प्रश्नाने खातूनचं काय झालं ते आत्ताच कानांनी ऐकलं होतं.

"न्हाई बाईसाहेब. काय न्हाई."

"ठीक. उद्यापासून या."

घरी परतताना खातूनने आधी तिच्या पाठीवर थाप मारली आणि मग विचारलं, "माझ्या सासूचं इचारलंस?"

"इचारलं की."

"मग?"

"व्हय म्हनल्या. दुपारचं घटकाभर सोडत्यात."

नाही म्हणाल्या असं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण आपल्यामुळे खातूनचं सगळंच गेलं. निदान तिच्या प्रश्नाला तरी चांगलं उत्तर मिळू दे, असं काहीतरी सरूच्या मनात आलं असावं.

"बघ, लई चांगल्या हाईत बाई!" खातून म्हणाली. "मग तर बेसच झालं. साळूला मी सांभाळते. तू दुपारची येऊन पाजून जात जा."

सरू कामाला लागली. दुपारी काही ती घरी गेली नाही. खातून विचारायची तेव्हा म्हणायची, "आज लई काम व्हतं गं." बाईंना विचारायचा धीर होत नव्हता. विचारायचं तर कशासाठी म्हणून सांगायचं? दुपार झाली की छाती दगडासारखी व्हायची. खातून भाकरी कुस्करून दुधात कालवून पोरीला भरवायची, सासूला भरवायची आणि तोंडाने कधी चुकूनही काही बोलायची नाही. ती भांडली असती तर सरूला बरं वाटलं असतं.

एका दुपारी साळूच्या अंगात कणकण होती आणि ती काही केल्या राहीना. खातून तिला कडेवर घेऊन दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली येऊन उभी राहिली. सरू वाळत घातलेल्या चादरी काढत होती, आणि नेमक्या तेव्हाच डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"कोण गं तू? कुणाची वाट बघतेस?"

"ह्या सरूची, बाईसाहेब. शेजारीन हाय मी. दुपारचं घटकाभर सोडता ना तिला, म्हनून आले."

"मी? मला तर कुणी विचारलंच नाही कधी." बाई सरूकडे वळल्या. "विचारलं असतंत तर सोडलं नसतं का? जेवायच्या वेळेला कोण अडवतंय?"

खातूनने सरूकडे पाहिलं. सरूला वाटलं, आता ती बोलणार. बोलावंच तिने.

बाई खातूनकडे निरखून बघत होत्या. "तुला कुठं तरी पाहिलंय. मूल आणू का विचारणारी तूच ना? हे तुझंच का?"

"आये," म्हणून साळूने सरूकडे दोन्ही हात केले.

खातूनने ते हात आवरून घेतले आणि पोरीचं तोंड आपल्या खांद्याशी धरलं.

"माझीच हाय, बाईसाहेब," ती म्हणाली. "चल गं माझी बाय. म्हातारी वाट बघत आसंल."

साळूचं रडणं आळीच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "अशीला मी कामावर कशी ठेवणार? आणि तुम्ही जा की दुपारच्या, जायचं असेल तर. उद्यापासून जात जा."

"जी," सरू म्हणाली. चोळी भिजत चालली होती. तिने कोरड्या चादरींचा गठ्ठा छातीशी घट्ट धरला आणि ती आत गेली.