चौथा प्रश्न

'मला एकटे वाटते.'

अपेक्षाच्या प्रश्नावलीतलं हे चौथं वाक्य. पुढं चार चौकटी: कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी. इंग्रजीवरून भाषांतर करताना तिनं या एका वाक्यावर अख्खी दुपार घालवली होती आणि स्वतःवर बेहद्द खूशही झाली होती. चाचणी फेरीसाठी उमापूर गावात आल्यावर त्या खुशीची पार माती झाली. ज्या बाईला विचारावं, ती पहिल्या चौकटीवर बोट ठेवून मोकळी. कधीच नाही. कधीच नाही. पुढच्या घरीही तेच.

बरं, हा विषय तिनं भांडून मिळवला होता. अंबाजोगाईला मानसशास्त्रात पीएच.डी. करायची आणि मुलं शिकायला, कामाला बाहेर गेलेल्या खेड्यातल्या आयांचा एकाकीपणा मोजायचा, असं तिनं सांगितलं तेव्हा समितीतले एक सर खो खो हसले होते. "खेड्यात कसला आलाय एकाकीपणा? तिथं माणसाला माणूस खेटून बसतं!" तिच्या मार्गदर्शक राजनंदिनी मॅडम हसल्या नव्हत्या, पण त्यांनीही बजावलं होतं. चाचणी फेरीत सगळ्यांची उत्तरं एकसारखी आली, तर ते माप निकामी. मग सोमवारी समितीपुढं हा विषय सोडायचा आणि परीक्षेच्या ताणावर काम सुरू करायचं. परीक्षेचा ताण! त्यावर इतके प्रबंध आहेत की ते वाचायचाच ताण यावा.

ती उतरली होती सुंदरबाईंकडं. त्यांचा नवरा अमरसिंह गावचा पुढारी, त्यामुळं घरात सकाळपासून माणसांचा राबता आणि चहाचं पातेलं कधी खाली उतरत नसे. मुलगा विजयसिंह पुण्याला कंपनीत. अपेक्षानं पहिल्याच दिवशी चौथा प्रश्न वाचला, तशा सुंदरबाई ताडकन म्हणाल्या होत्या, "एकटी कामून असंन गं मी? नवऱ्यानं टाकलेली हाय का? भरलं घर हाय माजं. असलं वंगाळ इचारू नये बायामानसाला."

अपेक्षानं मुकाट्यानं पहिल्या चौकटीत खूण केली होती.

आज संध्याकाळी ती चुलीपाशी बसली, तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं होतं. सुंदरबाईंनी तिच्या ताटात गरम भाकरी टाकली आणि सहज विचारलं, "करमतं का गं तुला आंबेजोगाईला?"

"नाही ना करमत, मावशी," अपेक्षा बोलून गेली. "खोलीत आम्ही तिघी आहोत, तरी नाही करमत."

आणि घास हातातच राहिला.

कारण संशोधकानं प्रश्नावली आधी स्वतः भरून बघायची असते आणि तिनंही ती भरली होती. चौथ्या प्रश्नापुढं तिनं स्वतः काय केलं होतं? कधीच नाही! 'एकटी' म्हणवून घ्यायची तिलाही लाज वाटली होती. आणि इथं एका साध्या शब्दानं तिच्या तोंडून खरं काढून घेतलं होतं. हा शब्द कुठल्या इंग्रजी प्रश्नावलीत सापडणार होता, सांगा बघू!

"मावशी," तिनं घाईनं विचारलं, "तुम्हाला करमतं का?"

सुंदरबाईंचा हात परातीत थांबला. "न्हाई बाई. इजू पुण्याला गेला, तवापासून न्हाई करमत. मानसं लई येतेत, मी च्या करत ऱ्हाते. पर 'आई, मीठ कमी हाय' म्हननारं कोन हाय? परवा कालवनात मीठ घालायचंच इसरले. समदे गुमान जेवून गेले. कुनी बोललंबी न्हाई." तव्यावरची भाकरी करपली तरी त्या बोलतच होत्या. अपेक्षाला एकीकडं रडू येत होतं आणि दुसरीकडं उठून नाचावंसं वाटत होतं.

जेवण अर्धं टाकून तिनं अंगणातून मॅडमना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"छान आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पण लाइट गेली तरी माणूस म्हणतं, करमेना. तू एकाकीपणा मोजणार की कंटाळा?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून तर अपेक्षाला मॅडमचा इतका राग आला. ती अंगणात येरझारा घालू लागली. लाइट आली की कंटाळा जातो. घर माणसांनी भरलं तरी सुंदरबाईंचं न करमणं का जात नव्हतं? कारण त्यांना माणसं नको होती, एक माणूस हवा होता. कोणावाचून! तिनं तिथंच, तुळशीच्या कठड्यावर कागद ठेवून चौथा प्रश्न खोडला आणि लिहिलं: 'घरात माणसं असूनही कोणावाचून करमत नाही, असं होतं का?'

सकाळी ती पुन्हा त्याच दारांवर. बायका आता बोट ठेवायच्या आधी नाव सांगू लागल्या. कुणाचा लेक, कुणाची नांदायला गेलेली पोर, एकीची तर साखर कारखान्याकडं राहायला गेलेली शेजारीण. एकजण मात्र फिस्सकन हसली. "मला? सासू लेकीकडं गेलीय. लई करमतंय बघा!" अपेक्षानं तिला मिठीच मारली. त्या बिचारीला काय ठाऊक, सगळ्यांनी होकार दिला असता तरी माप निकामीच ठरलं असतं. तिच्या या नकारानं माप जिवंत केलं होतं.

सोमवारी समितीत, तेव्हा खो खो हसलेल्या सरांनी चौथा प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "याची एक प्रत आमच्या घरी न्यायला द्याल का?" विषय मंजूर झाला.

अपेक्षानं खोलीवर येऊन आईला फोन लावला. जगदेवी नेकनूरला नवऱ्याबरोबर किराणा दुकानात बसत आणि रोज लेकीला विचारत, "जेवलीस का? करमतं का?" आईला घोर नको म्हणून अपेक्षा रोज हो म्हणे. आज जगदेवींनी बातमी ऐकली आणि गिऱ्हाईक सोडून आधी नवऱ्याला ओरडून सांगितलं. अपेक्षा हसता हसता थांबली. हा प्रश्न तिनं उमापुरात दारोदार विचारला होता. घरी कधीच नाही.

"आई, तुला करमतं का गं?"

"मला काय झालंय? दुकान हाय, तुजे आप्पा हायत."

"ते असूनही, कोणावाचून करमत नाही, असं होतं का?"

पलीकडं तराजूचा आवाज थांबला. "हे तुज्या कागदावर लिवनार हायस का?"

"का गं?"

"लिवनार असशील तर लिव, आईला चांगलं करमतं." जगदेवी जरा घुटमळल्या. "न्हाई लिवनार, तर शनवारी ये."

अपेक्षानं हातातल्या पेनाला टोपण लावलं आणि खाटेखालची बॅग ओढली.

"आई, मी रोज खोटं बोलत होते. मलाही नाही करमत," ती म्हणाली. "शनिवार कशाला, मी आत्ता निघते."