मामांनी निवडलेले प्लग

भाचीच्या छोट्या गाडीला मामांनी टर्बो बसवला. इंजिन आता जास्त तापणार, म्हणून थंड, म्हणजे उष्णता पटकन बाहेर टाकणारे, स्पार्क प्लग हवेत. प्लगवरचा आकडा मोठा तितका प्लग थंड, हे त्यांना चाळीस वर्षं पाठ होतं. त्यांनी डबा न वाचताच प्लग घातले.

तिसऱ्या दिवशी पिस्टनला भोक पडलं. मामांनी सगळ्या गॅरेजसमोर तिलाच झापलं, "गाडी आहे का विमान, बयो?"

मग त्यांची नजर डब्यावर गेली. या कंपनीत आकडा मोठा तितका प्लग गरम. मामांचं तोंड गोरंमोरं झालं.

"चुकलंच माझं, मामा," भाची म्हणाली.

मामांनी नुसती मान हलवली असती तरी झाकली मूठ राहिली असती.

"तू नाही गं, माती मी खाल्ली," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. तिच्याकडे मात्र त्यांना बघवेना.