आठवड्याला अर्धा इंच

"श्वास सोड गं. मी काही तुझं पोट पळवून नेत नाहीये!" असं म्हणत ताईनं धाकटीच्या कमरेभोवती टेप फिरवला आणि भिंतीवरच्या कागदावर आकडा लिहिला, तेहेतीस. खूप खाली दुसरा लिहिला, अठ्ठावीस.

ताई घरीच शिवायची. नाटक कंपनीचे सगळे पोशाख तिच्याकडे यायचे. धाकटी त्याच कंपनीत बावीस वर्षं मागच्या रांगेत उभी राहून गात आलेली. आणि आता, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिला राणीची भूमिका मिळाली होती! आनंदानं तिचे पाय जमिनीवर नव्हते. पण राणीचा झगा अठ्ठावीस कमरेचा, आणि दिग्दर्शक म्हणजे एक घाव दोन तुकडे. झग्यात मावलीस तर राणी, नाहीतर आहेच मागची रांग.

"आठवड्याला अर्धा इंच," ताईनं नाड्यांनी कंबर आवळायचं कॉर्सेट हातात ठेवत फर्मान काढलं. "दहा आठवडे. आधी रोज दोनच तास घाल, मग वाढव. घाई केलीस तर बरगड्या बोंब मारतील. आणि दर शनिवारी माप द्यायला यायचं. कळलं?"

"कळलं, सरकार."

दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. तिसऱ्यात धाकटी कॉर्सेट आवळून राणीचं शेवटचं गाणं म्हणायला उभी राहिली, आणि वरचा सूर जिन्यात अडकलेल्या कपाटासारखा मध्येच अडकला. ना वर, ना खाली. तिनं नाड्या सोडल्या, पुन्हा म्हटलं, तर आवाज असा लागला की शेजारीण खिडकीत आली. इकडे आड, तिकडे विहीर! सुराशिवाय राणी कसली? कॉर्सेट पलंगाखाली गेलं.

ताईला मात्र सांगवेना. दर शनिवारी ती ताईच्या घराजवळ आली की कोटाखाली कॉर्सेट चढवायची, आत आली की उतरवायची आणि पोट आत ओढून टेपसमोर उभी राहायची. आकडा दर वेळी बरोब्बर अर्ध्या इंचानं उतरायचा. आज सांगू म्हणता म्हणता चहा व्हायचा, गप्पा रंगायच्या, आणि हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी यायचं.

दहाव्या शनिवारी दिग्दर्शक स्वतः आला. ताई तोंडात टाचण्या धरून मागे उभी राहिली आणि एकेक हूक लावू लागली. शेवटचा हूक लागला. धाकटीनं भीत भीत श्वास घेतला, तर तो पार तळापर्यंत गेला.

"वरचा सूर?" दिग्दर्शक म्हणाला.

तिनं लावला. कपाटाच्या काचा झणझणल्या. दिग्दर्शकानं टोपी काढून तिला मुजरा केला आणि गुणगुणत निघून गेला. राणी ठरली!

धाकटी आनंदानं गिरकी घ्यायला वळली, आणि थबकली. झग्याचा मागे लोळणारा घोळ हातभर आखूड झाला होता. तेच कापड दोन्ही कुशींना, बारीक टाक्यांनी जोडलेलं होतं.

"ताई! तुला कधी कळलं?"

"तिसऱ्याच आठवड्यात. रोज आवळलेल्या नाडीला वळ्या पडतात. तुझी आपली दुकानातून आणल्यासारखी सरळ."

"पण आकडे तर उतरत होते!"

"तू पोट ओढायचीस, मी टेप ओढायचे. दोघींनी मिळून अर्धा इंच काय, गाडा ओढला असता."

धाकटी खो खो हसली. मग हसता हसता थांबली.

"पण झगा तूच मोठा करणार होतीस, तर दर शनिवारी माप कशाला घेतलंस?"

ताईनं उरलेल्या टाचण्या एकेक करून ब्लाउजला टोचल्या. तिला भलताच वेळ लागला.

"नाहीतर आली असतीस तू?"

धाकटी दोनच गल्ल्या पलीकडे राहायची. त्याआधीच्या सबंध वर्षात ती इथे दोनदा आली होती, तीही कपडे आखूड करून घ्यायला. तिनं तशीच, झग्यासकट, ताईला घट्ट मिठी मारली.

"अगं, टाचण्या टोचतील!" ताई ओरडली, पण स्वतः काही बाजूला झाली नाही.