येरमाळ्याच्या शेतातली गाडी

कळंब संपून येरमाळ्याचा रस्ता लागतो, तिथं मकबूल मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या मालमोटारी आणि विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. जुन्या ट्रकचा नाद त्याला सत्तावन्न साली लागला. एक भंगारवाला जुनी शेवरोलेट फोडायला निघाला होता. त्यानं रेडिएटरवर घण उचलला आणि मकबूलला ते बघवेना. भंगारवाल्याचं इंजिन फुकट नीट करून देऊन त्यानं ती गाडी ठेवून घेतली. हिवाळाभर खपून चालू केली. पुढच्या साली बेंबळीहून एक फोर्ड ओढून आणली. तिच्या केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालायच्या.

"दोन झाल्या," त्याची बायको हुसेनबी म्हणाली, "आता घरात आमी ऱ्हायचं का गाड्यांनी?"

तो हसला. पण रस्त्याच्या कडेला कुठं गंजलेलं बॉनेट दिसलं की त्याची सायकल आपोआप थांबायची.

एकसष्टच्या उन्हाळ्यात त्याला येरमाळ्याला एका बांधावर तिसरी गाडी दिसली. उंच, लष्करी बांध्याची. अट्ठेचाळीस साली भारताची फौज आली, त्या पुलिस ॲक्शनच्या धामधुमीत कुणीतरी ती तिथंच टाकून पळालं होतं. तेरा वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. शेत गोरोबाचं होतं.

"घिऊन जावा," गोरोबा म्हणाला, "तेवढाच बांध मोकळा व्हईल."

इतक्या चांगल्या गाडीला भंगारवाल्यानंसुद्धा का सोडलं, हे मकबूलनं विचारलं नाही. पुढं त्याला याचंच वाईट वाटत राहिलं.

शेवरोलेटला दोर बांधून त्यानं गाडी आणली. तीन महिने तो तिच्याखालीच होता. धुराची नळी मध्येच तुटलेली होती, सायलेन्सर नव्हताच. तुटक्या तोंडावर काजळीचा जाड थर होता. म्हणजे तुटल्यावरही गाडी पुष्कळ पळाली होती. मकबूलनं नळी जोडून दुसरा सायलेन्सर बसवला. हँडल मारल्यावर इंजिननं धरलं, तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी येरमाळ्याचा वीरप्पा कडब्याच्या बैलगाडीच्या चाकाची मोडलेली आरी दाखवायला आला. ट्रक बघून तो दारातच थांबला.

"ही चालू केली तुमी?"

"व्हय. का?"

वीरप्पानं इकडंतिकडं बघितलं. "अट्ठेचाळीसला हत्यारबंद माणसं आली व्हती. दोन गाड्या व्हत्या. एका गाडीतनं तिघांना नेलं, ते वढ्यात मेलेले घावले. ती गाडी ही, असं लोक म्हणत्यात. गोरोबाच्या थोरल्या भावाला, बब्रुवानला, बी त्याच दिवशी नेलं. त्याचं काय झालं ते कळलंच न्हाय. त्याची बायकू द्वारकाबाई म्हनती, त्याला दुसऱ्या गाडीत घातलं, तो कुठंतरी हाय. अजून वाट बघती."

"गोरोबा तर काही बोलला नाही."

"तो कशाला बोलंल? द्वारकाबाई म्हायेरी गेलेली बघून दिली त्यानं गाडी."

आरी तशीच टाकून वीरप्पा गेला. मकबूलनं गॅरेजचं दार ओढून घेतलं. पुलिस ॲक्शननंतरचे पंधरा दिवस त्याच्या घरच्यांनी उभ्या ज्वारीत लपून काढले होते. कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, पण तेव्हा मुसलमान दिसला की लोक त्याला त्या हत्यारबंद माणसांतलाच समजायचे. आता कुठं लोक त्याला नुसतं मिस्त्री म्हणून ओळखत होते. तीच गाडी मकबूलनं परत रस्त्यावर आणली, असं एकजण जरी बोलला तरी?

हुसेनबीनं ऐकलं आणि ती खाली बसली. "मोडून टाका तिला. आजच."

"मोडली तर म्हणतील, पुरावा मोडला."

"ठेवली तर काय म्हणतील?"

त्यानं गाडीवर ताडपत्री टाकली. चार दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. येरमाळ्याकडून यष्टी आली की तो पाना हातात धरून उतरणाऱ्या माणसांकडं बघत राहायचा.

पाचव्या दिवशी दुपारी यष्टीतून एक बाई उतरली. चाळिशीची, हिरव्या लुगड्यातली. कपाळावर ठसठशीत कुंकू. एकटीच होती. सरळ गॅरेजकडं आली.

"मकबूल मिस्त्री तुमीच का? म्या द्वारकाबाई. गाडी चालू झाली म्हनं."

"आक्का, मला माहीत नव्हतं," मकबूल म्हणाला. "अल्लाकसम. गोरोबानं नुसतं ने म्हणून सांगितलं."

"त्याचं म्या बघीन. तुमी चालू करा. मला आवाज आयकायचाय."

मकबूलनं ताडपत्री काढली. दोनदा हँडल मारून इंजिन लागलं नाही. तिसऱ्या वेळी इंजिन सुरू झालं. गाडी जड, एकसारख्या सुरात घुमू लागली. द्वारकाबाई डोळे मिटून उभी राहिली. हळूहळू तिचे खांदे सैल झाले.

"ही ती न्हाय," ती म्हणाली. "म्या जात्याच्या खोलीत लपले व्हते. मालकांना ज्या गाडीत घातलं तिचा आवाज असा नव्हता. फाटका व्हता, कानात खिळं ठोकल्यावानी. ही त्या तिघांना नेलेली, दुसरी. म्हंजे मालक त्या तिघांच्या संगं नव्हतं. म्या म्हनतच व्हते."

ती पदरानं डोळे पुसू लागली. मकबूलनं इंजिन बंद केलं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं त्याला वाटलं. ही बाई येरमाळ्यात जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगेल, बब्रुवानला नेलं ती गाडी ही नव्हे. मग कोण काय बोलणार? त्यानं फक्त गप्प राहायचं होतं. दाराच्या फटीतून हुसेनबी बघत होती. तिनं त्याच्याकडं बघून मान हलवली. काही बोलू नका.

द्वारकाबाई यष्टीच्या थांब्याकडं वळली. चार पावलं गेली.

"आक्का," मकबूल म्हणाला, "थांबा जरा."

ती थांबली.

"या गाडीला सायलेन्सर नव्हता. नळी तुटलेली होती. आता आहे तो मी बसवलाय. त्यानं आवाज बदलतो."

"म्हंजी?"

"म्हणजे तेव्हाचा आवाज हा नसणार."

द्वारकाबाई परत आली आणि लाकडी खोक्यावर बसली.

"काढा ते."

मकबूल गाडीखाली गेला. चार बोल्ट होते. एरवी ते काढायला त्याला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता, पण आज तो एकेक बोल्ट सावकाश सोडवत होता. खालून त्याला तिचे पाय दिसत होते. ते अजिबात हलत नव्हते. त्याला वाटलं, आपण दोन शब्द कमी बोललो असतो तर ही बाई आता यष्टीत बसलेली असती.

त्यानं हँडल मारलं. उघड्या नळीतून फाटका, कर्कश आवाज फुटला. पत्रे थरथरले. द्वारकाबाईनं खोक्याची कड घट्ट धरली.

"बास," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकू आला नाही, ओठ दिसले. मकबूलनं इंजिन बंद केलं.

"हीच," ती म्हणाली. "तेरा वर्सं रोज बांधावरनं जाताना हिला बघितलं. ही का दुसरी, हे कुनाला इचारनार? मुकी व्हती ती."

हुसेनबीनं पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढं ठेवला. द्वारकाबाई घोटभर पाणी प्याली.

"गाडी मोडून टाकू का, आक्का?" मकबूलनं विचारलं.

"ते तुमचं तुमी ठरवा. पर ह्या आवाजात आमच्या गावाकडं नेऊ नका." मग तिनं विचारलं, "गप का न्हाय बसला? म्या तर निघाले व्हते."

"आवाज मी बदलला होता. माहीत असून कसा गप बसू?"

यष्टी आली, तशी ती उठून गेली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

पुढचे पंधरा दिवस मकबूलचे फार वाईट गेले. बाई गावात काय सांगेल आणि लोक काय घेऊन येतील, याचा त्याला अंदाज लागेना. हुसेनबीनं लेकरांना आजोळी धाडलं. मग एका बाजाराच्या दिवशी गोरोबा आला. मकबूलनं हातातलं काम खाली ठेवलं. गोरोबा दाराबाहेरच चपला काढून उभा राहिला.

"वैनीनं परवा दादाचं दिस घातलं," तो म्हणाला. "पान वाढलं. साऱ्या गावाला जेवायला बोलावलं. तेरा वर्सांत घरात कुनी दादाचं नाव काढायचं न्हाय. त्या दिवशी ती रातपातूर त्याचंच बोलत व्हती." मग तो म्हणाला, "म्या तुमाला फसवून गाडी दिली. माफ करा."

"त्या काय म्हणाल्या मला?"

"तुमचं नाव घेतलं न्हाय."

गोरोबा गेल्यावर मकबूल त्या गाडीपाशी गेला. नाव घेतलं नाही हे चांगलं की वाईट, ते त्याला कळेना. मग सायलेन्सर घेऊन तो खाली शिरला आणि एकेक बोल्ट पुन्हा आवळू लागला.