बिजागरीतलं तेल

थोरल्याने बंदूक मांडीवर घेऊन नळी खाली दाबली. काडतूस घालायला मधोमध मोडणारी ती बंदूक गुडघ्यावर रेटली तेव्हा कुठे कुरकुरत उघडली. नळी रिकामी असल्याचं त्याने नीट बघून घेतलं आणि मनातल्या मनात धाकट्याला शिवी हासडली.

मक्यातली डुकरं हाकलायला धाकट्याने ती नेली होती, आणि परत आली ती अशी. थोरल्याने गिरणीवर चार माणसांत त्याचा पाणउतारा केला होता. "वस्तू वापरायची अक्कल नसेल तर मागायला येऊ नये." धाकटा मुकाट पीठ उचलून गेला. परवा डुकरं पुन्हा शिरली, तेव्हा तो बंदूक मागायला आलाच नाही. पत्र्याचा डबा बडवत राहिला. निम्मा मका आडवा झाला.

थोरल्याने खीळ काढून नळी सुटी केली. बिजागरीत पिवळट थर बसला होता, वाळल्या डिंकासारखा. नखाने खरवडला तर खवट वास आला.

"हे काय गं?" त्याने बायकोपुढे बोट धरलं.

"गोडेतेल. पेरणीच्या आधी वाटीभर नेलं होतंत की. मशीनचं आणा म्हटलं, तर म्हणालात, तेल ते तेल."

थोरल्याचे कान तापले. रॉकेलच्या चिंधीने त्याने बिजागरी पुसली, मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. नळी अलगद झुकली. काम एवढंसंच होतं, याचीच त्याला जास्त लाज वाटली.

बंदूक घेऊन तो धाकट्याच्या रानात गेला. धाकटा आणि भावजय मक्याची मोडकी ताटं गोळा करत होती.

"उघडली का, दादा?"

"उघडली. गंज होता जरासा," तोंडातून निघून गेलं.

"माझ्याच हातून लागला असणार. दव फार होतं, मी पुसून द्यायला हवी होती."

थोरल्याला त्याच्याकडे बघवेना. "गंज नव्हता रे. मीच गोडेतेल घातलं होतं. तुझा काही दोष नाही."

भावजय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भाऊजी, हे गिरणीवर सांगाल?"

बंदूक धाकट्याच्या हातात देऊन तो तसाच निघाला. गिरणीवर गर्दी होती. पट्ट्याच्या घरघरीत तो पहिल्यांदा बोलला ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मग गिरणीवाल्याने पट्टा थांबवला, सगळ्यांनी माना वळवल्या, आणि त्याला ते सगळं पहिल्यापासून, मोठ्याने सांगावं लागलं.