एकोणीस नोंदी

गेल्या नोव्हेंबरात आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत नव्या पद्धतीची गस्त सुरू झाली. विहिरींवरच्या मोटारींची तांब्याची केबल चोरीला जात होती. चोरी झाल्यावर पंचनामा करत बसण्यापेक्षा आधीच तिथं पोलीस दिसले पाहिजेत, असं वरून ठरलं. मागच्या वर्षीच्या तक्रारी नकाशावर मांडल्या आणि जिथं त्या दाट होत्या तिथं विजेच्या डीपीच्या खांबांवर क्यूआर कोड चिकटवले. गस्तीवरच्या शिपायानं तिथं जाऊन कोड स्कॅन करायचा आणि जवळपास कुणी इसम आढळला तर त्याचं नाव, गाव, आधार क्रमांक मोबाइलमध्ये भरायचा. नकाशा मी केला होता. मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आहे आणि तेव्हा शिपाई म्हणून मला आठ महिने झाले होते.

फेब्रुवारीअखेर साहेबांनी चार महिन्यांचा अहवाल मागितला. मी त्यात एक तक्ता जोडला : गस्तीत सर्वाधिक वेळा आढळलेले इसम. पहिलं नाव होतं धनाजी, राहणार भूम तालुका, धंदा मेंढपाळी. एकोणीस वेळा. त्याच्या खालचा माणूस चारच वेळा आढळला होता.

साहेबांनी त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली. "याच्यावर चाप्टर करा."

चाप्टर म्हणजे गुन्हा नव्हे. या माणसाकडून पुढं गुन्हा होऊ शकतो असं पोलीस तहसीलला कळवतात, आणि तिथं त्याच्याकडून वर्षभर चांगलं वागण्याचं बंधपत्र लिहून घेतात. सोबत एक जामीनदार लागतो. आमच्या प्रस्तावात साहेबांनी आणखी एक मागणी घातली होती, दर सोमवारी ठाण्यात हजेरी. मेंढपाळ एका रानात दोन-तीन रात्री राहतो आणि पुढं सरकतो. वर्षभर दर सोमवारी एकाच ठाण्यात यायचं तर त्याला मेंढ्या तरी विकाव्या लागतील, नाहीतर दुसऱ्याच्या हाती द्याव्या लागतील. हे मला तक्ता करताना सुचलं नव्हतं.

नोटीस द्यायला हवालदार उत्तरेश्वर आणि मी गेलो. धनाजीचा कळप बलभीम नावाच्या शेतकऱ्याच्या रानात बसला होता. हरभरा निघालेला होता. मेंढ्या रानात बसवल्या की त्यांचं लेंडीखत जागच्या जागी मिळतं, म्हणून शेतकरी मेंढपाळाला बोलावून नेतात आणि रात्रीच्या हिशेबानं ज्वारी देतात. दुपारचे बारा वाजले होते. धनाजी लिंबाखाली बसून कातरीला धार लावत होता. वय पंचावन्नच्या आसपास.

"काय धनाजी, यंदा लई नाव झालं तुझं," उत्तरेश्वर म्हणाले. "ठाण्यात पहिला नंबर आलाय."

"मग बक्षीस काय, सायेब?"

"हे घे." त्यांनी नोटीस पुढं केली.

धनाजीची बायको हरणाबाई भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "पहिला आला व्हय? साळंत दोन दिस गेलता, तवा न्हाय आला."

मी नोटीस वाचून दाखवली. एकोणीस तारखा त्यात लिहिलेल्या होत्या. धनाजीनं शेवटपर्यंत ऐकलं.

"बाई, ह्या एकोणीस येळा तुमीच आलाव आमच्याकडं. आमी एकदा बी तुमच्याकडं आलो न्हाय."

त्यावर उत्तरेश्वर हसले. मी हसले नाही, कारण विधान बरोबर होतं. आमचे कोड डीपीच्या खांबांवर होते. डीपी विहिरींजवळ असतात. मेंढ्यांना पाणी पाजायला धनाजी विहिरीवर असायचा. प्रत्येक गस्तीला तो दिसला, दिसला म्हणून नोंद झाली, आणि आधीची नोंद आहे म्हणून पुढच्या शिपायानं त्याला मुद्दाम गाठलं. मी जे मोजलं होतं ते त्याचं वागणं नव्हतं, आमचं होतं.

तेवढ्यात बलभीम मोटरसायकलवरून आले. जानेवारीत त्यांच्या विहिरीवरची केबल गेली होती. तक्रार आमच्याकडं होती.

"तक्रार म्या दिली आन् नोटीस ह्याला?"

"तुमच्या भल्यासाठीच चाललंय, पाटील," उत्तरेश्वर म्हणाले.

"माझं भलं करूच नगा. मागल्या पंधरवड्यात परत केबल गेली. आलो का म्या ठाण्यात?"

"का नाही आला?" मी विचारलं.

"आलो असतो तर तुमी परत ह्याच्याकडंच आला असता. हा उठून गेला तर रान बसवायचं कुणाकडून, तुमच्याकडून? आमच्या गावातल्या आणखी तिघांनी बी तसंच केलंय. इचारा जाऊन."

मी विचारून आले. तिघेही बोलले, कागदावर लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. अहवालात मी लिहिलं होतं की तक्रारी गेल्या वर्षीच्या एकतीसवरून तेवीसवर आल्या. एका गावातल्याच चार चोऱ्या त्यात नव्हत्या. बाकीच्या गावांचं मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी हरणाबाईजवळ वही घेऊन बसले आणि नोव्हेंबरपासून कुठं कुठं मुक्काम झाला ते विचारलं. तिला तारखा येत नव्हत्या, पण प्रत्येक रान आठवत होतं. कुणाच्या बायकोनं ताक पाठवलं, कुणाचं कुत्रं मेंढीला चावलं, कुणी ज्वारी देताना किडकी दिली. दर्शवेळा अमावास्या आणि येडशीकडं झालेली एक सोयरीक यांच्या आधारानं मी तारखा लावल्या. त्रेचाळीस विहिरी निघाल्या.

"एवढं लिवून काय करती, पोरी?"

"चोऱ्यांशी ताडून बघायचंय."

"आन् जुळलं तर?"

"तर तसं लिहावं लागेल."

ती पुढचं रान सांगू लागली.

नोंदलेल्या तेवीस चोऱ्यांपैकी चौदा धनाजी जिथं राहून गेला होता त्या विहिरींवर झाल्या होत्या. साहेबांना हे पुरलं असतं. पण त्या पट्ट्यात एकूण विहिरी सत्तर, त्यांतल्या त्रेचाळीसांवर तो राहिला होता. म्हणजे दहातल्या सहा विहिरी त्याच्या, आणि चोऱ्याही दहातल्या सहा. चोर डोळे मिटून विहिरी निवडत असता तरी हेच प्रमाण आलं असतं. मेंढ्या बसल्या होत्या त्या रात्री त्या विहिरीवर एकही चोरी नव्हती. हे शून्य मला आवडलं होतं, पण त्याचा उपयोग नव्हता. चोऱ्या इतक्या थोड्या होत्या की ते योगायोगानंही आलं असतं. ते मी खोडून टाकलं.

साहेबांनी दुसरा तक्ता उभ्या उभ्या वाचला. ते वाईट माणूस नाहीत.

"म्हणजे तो चोर नाही?"

"ते यातून कळत नाही, सर. तो चोर आहे असं आपल्याकडं काहीच नाही, एवढंच कळतं."

"पहिला तक्ता माझ्या सहीनं वर गेलाय, हर्षाली. आता तहसीलमध्ये काय व्हायचं ते होईल. तू कागद घेऊन जा."

सुनावणीच्या पहिल्या तारखेला नायब तहसीलदार दौऱ्यावर होते. दुसऱ्या तारखेला त्यांची बैठक होती. या अठरा दिवसांत धनाजीला हलता आलं नाही. मार्च निम्मा सरला, आजूबाजूचं रान खाऊन संपलं. बलभीमनं कडबा दिला, पण दोनशे मेंढ्यांना तो कुठवर पुरणार? पाच कोकरं दगावली.

तिसऱ्या तारखेला सुनावणी झाली. बलभीम सातबारा घेऊन जामीनदार म्हणून आले होते. ज्याची केबल गेली तोच जामीन राहतोय हे कारकुनाला पटेना. त्यानं नाव दोनदा विचारून घेतलं. बंधपत्र तयारच होतं, अंगठा तेवढा हवा होता.

धनाजीनं हात मागं घेतला. "ह्यात काय लिवलंय?"

"चांगलं वागीन, एवढंच," कारकून म्हणाला.

"म्हंजी आजवर वाईट वागलो, असं झालं की."

"आरं उठव अंगठा," बलभीम दबक्या आवाजात म्हणाले. "कागदच हाय. मी हाय ना संगं."

"तुमी हाव, पाटील. पर अंगठा माझा हाय."

नायब तहसीलदारांनी कागद चाळले आणि मला विचारलं, "या एकोणीस नोंदी कशाच्या?"

उत्तरेश्वर माझ्या शेजारीच होते. त्यांनी घसा खाकरला.

"तपासणीच्या, सर," मी म्हणाले. "एकोणीस वेळा तपासलं, एकदाही काही सापडलं नाही. सगळ्या नोंदी आम्ही कोड लावलेल्या जागांवरच्या आहेत." आणि दुसरा तक्ता टेबलावर ठेवला.

त्यांनी तो वाचायला पाच-सहा मिनिटं घेतली. सत्तर हा आकडा कुठून आणला ते विचारलं. वीज जोडण्यांच्या यादीतून, असं मी सांगितलं. मग त्यांनी बंधपत्र बाजूला सारलं आणि पुरेसा आधार नसल्यानं प्रस्ताव बंद करत असल्याचं लिहिलं.

जिन्यावर उत्तरेश्वर म्हणाले, "आपलाच कागद आपणच फाडला की, मॅडम." आवाजात राग नव्हता. साहेबांना हे कसं सांगायचं याचा विचार ते करत असावेत.

खाली बलभीम खुशीत होते. "चल धनाजी, चहा घेऊ. आन् पुढच्या साली दिवाळी झाली की थेट माझ्याच रानात यायचं. आधी दुसऱ्याकडं गेलास तर बघ."

धनाजीनं पटका सोडून पुन्हा बांधला. मग मला विचारलं, "बाई, धरणाच्या पल्याड, माकणीच्या अंगाला, तुमची गस्त फिरती का?"

"आमची नाही. ते दुसरं ठाणं आहे. त्यांची पद्धत मला माहीत नाही."

"तिकडं आमची वळख न्हाय कुणाची."

"मग तिकडं कशाला मरायला जातुस?" बलभीम म्हणाले. "इथं बारा वर्सं झाली, सगळे वळखतेत तुला."

"व्हय," धनाजी म्हणाला, "म्हणूनच."

बलभीमनं माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडून काहीतरी ऐकायची त्यांची अपेक्षा असावी. प्रस्ताव बंद झाला आहे, आता कुणी त्रास देणार नाही, असं मी म्हणू शकले असते. पण नाव अजून गस्तीच्या यादीत होतं, आणि यादीतून नाव काढायची सोय त्या मोबाइलमध्ये नव्हती. मी तसं सांगितलं.

"मग झालंच," धनाजी म्हणाला. हरणाबाईनं सकाळीच कळप उगवतीकडं, धरणाच्या दिशेनं काढला होता. तिला गाठायचं तर आत्ताच निघायला हवं होतं, म्हणून तो चहाला थांबला नाही.